हाक मारली की ओ देणारे देवरे सर

नाशिकरोडला आपला क्लास आहे, त्याच्या खाली पिठाची गिरणी होती. मी त्या गिरणीत कामाला होते. वर कुणी सर कॉम्प्युटरचा क्लास काढतायत एवढं कानावर आलं होतं. नव्वदच्या पुढची ती वर्षं. आमच्या भागात कॉम्प्युटर दिसायचा तो बँकेत, तोही काचेच्या पलीकडे. एक दिवस उंच, किडकिडीत गृहस्थ जिना उतरून आले आणि गिरणीच्या दारात उभे राहिले.

"ताई, पीठ वर येतंय," ते म्हणाले.

"गिरणी हाय. पीठ नाय येणार तर काय येणार?"

"माझ्या यंत्रांच्या नाकातोंडात जातंय."

"मग खिडकी लावा."

"लावली तर मुलं गुदमरतात."

"मग पोरं खाली पाठवा, दळण धरायला."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "तुम्ही वर कामाला याल का? दारात असं बोलणारं माणूस पाहिजे मला. मला मुलांना नाही म्हणता येत नाही."

देवरे सरांची आणि माझी ओळख ही अशी झाली. त्यांचं शेवटचं वाक्य पुढे साफ खोटं निघालं. सरांइतकं 'नाही' म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

सरांना साठ वर्षं पूर्ण होतायत म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ काढायचं ठरवलं. मंडळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, मंगलमावशी, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, चौथी झालेय मी, माझं मीच लिहीन. शुद्धलेखन तुम्ही बघा, पण माझं बोलणं बदलू नका. तेव्हा सरांच्या ज्ञानाबद्दल ज्यांना लिहायचंय त्यांनी लिहावं. मला प्रोग्रामिंग येत नाही आणि येतं असं मी दाखवणारही नाही. मी दार सांभाळलं. दारातून जे दिसलं ते लिहिते.

दारात पहिली गोष्ट म्हणजे चपला. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हा त्या काळी सगळ्याच क्लासांचा नियम होता. आमच्याकडे जास्त कडक, कारण खालच्या पिठाने जिना पांढरा असायचा. जिन्याच्या वर लांब ओटा आहे, तिथे चपलांचा ढीग. देवळाली कॅम्पातून येणाऱ्या फौजींच्या मुलांचे पॉलिश केलेले बूट आणि शेजारी वणीकडच्या एखाद्या मुलीची अंगठा तुटलेली चप्पल. सर स्वतःही तिथेच चपला काढत. क्लास सुटला की हाताला लागेल ती जोडी पायात सरकवून निघायचे. मुलं माझ्याकडे तक्रार घेऊन यायची, मावशी, सर माझी चप्पल घालून गेले. मी म्हणायची, मग तू त्यांची घाल, तेवढाच मान.

दुसरी गोष्ट कागदाची. ही फक्त देवरे सरांची, दुसऱ्या क्लासात मी ऐकली नाही. मुलाने आल्या आल्या यंत्रापुढे बसायचं नाही. ओट्यावर बसून प्रोग्राम आधी हाताने कागदावर लिहायचा. लिहून झाला की तो मोठ्याने वाचायचा, आणि वाचायचा कुणापुढे, तर माझ्यापुढे. मी म्हटलं, सर, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. सर म्हणाले, "म्हणूनच. तुम्हाला कळत नसताना त्याला सांगता आलं पाहिजे. तुम्ही फक्त एकच विचारायचं."

ते एक काय, हे समजायला थोडं विस्ताराने लिहावं लागेल. प्रोग्रामात जो क्लास असतो त्याला मी इथे घर म्हणते, नाहीतर आपल्या क्लासात आणि त्या क्लासात गोंधळ होईल. सरांनी मलाही घर म्हणूनच सांगितलं होतं. घराच्या आत सुरुवातीला यादी असते, या घरात कोणकोणती कामं होतात त्याची. पाणी भरणे, दिवा लावणे, अशी. यादीत नुसती कामाची नावं, आणि कामाला काय काय सामान लागेल ते. काम प्रत्यक्ष कसं करायचं ते बाहेर, खाली, सविस्तर लिहायचं. मात्र बाहेर लिहिताना आधी घराचं नाव लिहायचं, मग टिंबांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी, आणि मग कामाचं नाव. कारण पाणी सगळ्याच घरात भरतात. घराचं नाव नसेल तर ते काम त्या घराचं होतच नाही. ते कुणाचंच नसलेलं, रस्त्यावरचं काम होतं. आणि यादीत सामान दोन वस्तूंचं सांगितलं असेल तर बाहेरही दोनच पाहिजेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि लिहिलेलं काम आपोआप होत नाही, लागेल तिथे त्याला नावाने हाक मारावी लागते.

तर मी विचारायचं एवढंच की हे कोणाचं काम आहे? सर सटाण्याकडचे. रागावले की त्यांच्या तोंडून अहिराणी यायची. एखाद्याच्या कागदावर बोट ठेवून ते गरजायचे, "हाई कोनं काम शे?" पोरांनी ते उचललं. मीही उचललं. मुलगा ओट्यावर वाचतोय, मी चपला झटकून ओळीत लावतेय, आणि प्रत्येक कामाला मान वर न करता विचारतेय, कोनं शे? त्याने घराचं नाव सांगितलं की पुढे. नाही सांगता आलं की कागद परत. माझ्याकडे वेळ कमी आणि तोंड मोठं, त्यामुळे पोरं नीट तयारी करून यायची.

कॅम्पातला एक सुभेदार साहेबांचा मुलगा होता, फार ऐटीत असायचा. एकदा म्हणाला, "मावशी, मुझे सब आता है, डायरेक्ट मशीन पे बैठने दो." मी म्हटलं, "बैठो. जिन्यावर बैठो." सर आतून ऐकत होते. बाहेर येऊन त्याच्या शेजारी ओट्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "चल, मीपण लिहितो. कुणाचा आधी बरोबर येतो बघू." दोघांनी लिहिलं. सरांचाच चुकला, यादीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला. मुलाने तो दाखवला तेव्हा सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी आत जाऊन सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून मुलगा निमूट कागद आणायचा. हा आता बंगलोरला मोठ्या हुद्द्यावर आहे. या ग्रंथात त्याचा लेख असेलच, त्यात हे लिहायला तो लाजेल म्हणून मी लिहिलं.

सरांच्या चांगुलपणाबद्दल लिहा असं मंडळींनी बजावलंय. लिहिते. सर गोड बोलत नाहीत. शाबास हा शब्द त्यांना जड जातो. चहा थंड झाल्याशिवाय पीत नाहीत आणि मग तो थंड आहे म्हणून माझ्याकडे बघतात. पण माझे यजमान देवळाली कॅम्पच्या बाजारात हमालीला होते, तिथे त्यांच्या पायावर लोखंडी सामान पडलं. त्यांना सिव्हिलला नेलं. मी धावत गेले, पण डॉक्टर बोलत होते ते मला समजेना. समोरच्या पीसीओवरून क्लासात फोन लावला आणि म्हटलं, "सर, या." बाकी काही सांगितलं नाही. सुचलंच नाही. सरांनीही का, कशाला, काही विचारलं नाही. फोन ठेवला.

बॅच चालू होती. ती तशीच सोडून ते रिक्षाने आले. डॉक्टरांशी बोलले, मला बाकावर बसवून नीट समजावून सांगितलं, रक्ताची व्यवस्था केली, आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिले. कधीतरी माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. एका पायात काळी चप्पल, एका पायात कुणा मुलीची निळी पट्ट्याची. त्या अवस्थेतही मला हसू आलं. सरांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "दोन्ही पायांत काहीतरी आहे ना? झालं मग."

यजमानांचा पाय वाचला, पण ओझं उचलायचं काम सुटलं ते सुटलंच. ते घरी बसले. आता माझ्या वैशालीकडे येते, कारण सर म्हणजे काय हे मला तिथे समजलं.

वैशाली माझी एकुलती मुलगी. दहावीपासून माझ्याबरोबर क्लासात यायची. सरांनी तिला शिकवलं, आणि ती कॉलेजात कॉम्प्युटर घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत गेली. मधली बरीच वर्षं गेली होती, नवं शतक लागून भारनियमन चालू झालं होतं. पुण्याच्या एका कंपनीने तिला सोमवारी मुलाखतीला बोलावलं होतं. स्वतः केलेला प्रोजेक्ट आणायचा, आणि त्यावर शिकवणाऱ्याची सही पाहिजे, म्हणजे काम तिनेच केलंय याची खात्री.

यजमान घरी बसल्यापासून घरात शब्द चालायचा तो नांदगावच्या मोठ्या दिरांचा. वाईट माणूस नाही, पण त्यांचं ठरलेलं होतं. त्या आठवड्यात ते आले आणि म्हणाले, "पोरगी शिकली तेवढी बास. सोमवारचं जमलं तर माझं काय म्हणणं नाय. नाय जमलं तर गुरुवारी पाहुणे येत्यात. नाही म्हणायचं नाय." यजमान खाली मान घालून ऐकत राहिले. वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जमंल."

तिचा प्रोजेक्ट होता द्राक्षाच्या शीतगृहाचा. कोणत्या खोलीत किती माल, थंडी किती, माल कधी आला, कधी गेला, हे सगळं. आपल्या जिल्ह्यातलं काम, म्हणून सरांनीच सुचवलं होतं. शुक्रवारी ती तो घेऊन क्लासात आली. यंत्रावर चालवून दाखवला. निळ्या पडद्यावर सगळं भराभर यायचं तसं आलं. पोरं वाहवा करायला लागली. मी पेढे आणायचा विचार करत होते.

सर म्हणाले, "कागद?"

वैशाली म्हणाली, "सर, चालतोय की. कागद कशाला आता?"

"कागद."

तिने छापलेले कागद दिले. सर ओट्यावर बसले. एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले. मग बोट थांबलं. तिने घराचं नाव ठेवलं होतं खोली. त्याच्या आतल्या यादीत एक काम होतं, थंडी कमी झाली तर सूचना देणे. बाहेर ते काम लिहिलंही होतं. पण घराचं नाव नव्हतं. टिंबं नव्हती.

"हाई कोनं काम शे?" सर म्हणाले, पण हळू.

वैशालीने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि याला हाक कुठे मारलीस? कुठेच दिसत नाही."

तेव्हा ती रडायला लागली आणि सगळं सांगितलं. हाक आधी होती. ती होती तेव्हा यंत्र म्हणायचं, असं काम सापडत नाही. बाहेर लिहिलेलं असून सापडत नाही म्हणजे काय, हे तिला समजेना. लाईट जायची वेळ झाली होती, सोमवार जवळ आला होता. तिने हाकेची ओळच काढून टाकली. यंत्राची कुरकूर थांबली. प्रोग्राम चालायला लागला.

सरांनी कागद तिच्या हातात दिला. "सही नाही."

माझा पारा चढला. मी हातातला झाडू टाकला. "सर, चालतंय ना ते?"

"चालतंय, मंगलताई. कारण त्या कामाला अजून कुणी बोलावलं नाही."

"मग नका बोलावू. चार टिंबांसाठी माझ्या पोरीचा जन्म अडवता का? गुरुवारी काय हाय ते तुम्हाला ठाऊक हाय ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"खोलीत माल सडत असेल आणि सांगणारंच कुणी नसेल, तर बाकीचं चालून काय करायचंय? तिला चूक आली याचं मला काही नाही. चुका रोज येतात. तिने हाक काढून टाकली." आणि मग तिच्याकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी कागद घेऊन ये. हाताने लिहिलेला."

मी क्लासाच्या किल्ल्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि पोरीला घेऊन घरी आले. मी आजही म्हणते की सरांनी ते जरा मऊ बोलायला पाहिजे होतं. मुलीचा जीव केवढा, त्यांचे शब्द केवढे. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे ग्रंथात लिहायला हरकत नाही.

शनिवारी सकाळी मी जाणार नव्हते. वैशालीने चपला घातल्या आणि म्हणाली, "आई, चल."

"कशाला? त्यांच्याकडे दुसरी माणसं हायेत."

"ऐकायला तू पाहिजेस. दुसऱ्या कुणापुढे मला नाही वाचता यायचं."

गेलो. किल्ल्या सरांनी माझ्या नेहमीच्या खिळ्याला लावून ठेवल्या होत्या. लाईट नव्हती, दुपारी येणार होती. गिरणी बंद, म्हणून जिना शांत. वैशालीने ओट्यावर बसून सगळा प्रोग्राम पहिल्यापासून हाताने लिहून काढला. सर आत बसले होते. दार उघडं होतं, पण ते एकदाही बाहेर आले नाहीत. मग ती वाचायला लागली. मला रागाने बोलायचंच नव्हतं, पण सवयीने तोंडातून निघायचं, कोनं शे? माल ठेवणे. कोनं शे? खोलीचं. माल काढणे. कोनं शे? खोलीचं. सूचना देणे आलं तेव्हा तिने मी विचारायची वाट बघितली नाही. "खोलीचं," म्हणाली. आणि पुढच्याच कामाला ती स्वतःच अडकली. थंडी मोजणे. आत यादीत एक वस्तू सांगितली होती आणि बाहेर तिने दोन लिहिल्या होत्या. ते मला कळलेलं नव्हतं. तिचं तिलाच वाचताना दिसलं. तिने ते दुरुस्त केलं.

दुपारी लाईट आली. तिने सगळं यंत्रात घातलं आणि चालवलं. पडद्यावर अगदी कालच्यासारखंच आलं. माझ्याच्याने राहवेना. "सर, कालपण हेच होतं की. मग एवढं कशाला?"

सर म्हणाले, "वैशाली, कालचा चालव. त्यात हाक घाल." तिने घातली. यंत्राने लाल अक्षरात नकार दिला. "आता आजचा. यात हाक आहेच. थंडी कमी कर." तिने तसं केलं. पडद्यावर ओळ आली की खोलीची थंडी कमी झाली आहे, माल तपासा.

ती साधी ओळ बघून पोरगी हसली. सरांनी पेन काढलं आणि सही केली. शाबास म्हणाले नाहीत. "पुण्याला विचारलं तर काय झालं ते खरं सांग," एवढंच म्हणाले.

सोमवारी आम्ही दोघी एस.टी.ने गेलो. मी बाहेर बसले, त्यामुळे आतलं मला वैशालीने सांगितलं ते लिहिते. तिथल्या साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, ही सूचना रोज तर लागणार नाही, मग एवढी नीट का लिहिलीस? ती म्हणाली, "सर, रोज कुणी बोलावणार नाही. पण बोलावतील त्या दिवशी ती तिथे असली पाहिजे." आणि आपण आधी हाक काढून टाकली होती तेही सांगितलं. साहेबांनी त्या कागदाच्या मागच्या बाजूला तिला दुसरं एक घर मांडायला लावलं. तिने मांडलं. यादी आत, कामं बाहेर, प्रत्येकाला घराचं नाव.

बुधवारी क्लासात फोन आला. घेतला सरांनी. बाहेर येऊन म्हणाले, "मंगलताई, नांदगावला कळवा. गुरुवारी पाहुण्यांना यायची गरज नाही." आणि आत गेले. मी बघितलं, चहा गरम असतानाच प्यायले.

दिरांना कळवलं. ते आले, पेढे खाल्ले आणि म्हणाले, "कोण हाय तो मास्तर, दाखव तरी." दाखवला. दोघं ओट्यावर बसून कांद्याच्या भावावर बोलले.

वैशाली आता पुण्यात स्थिरावली आहे. लग्न तिने तिच्या पसंतीने, तिच्या वेळेला केलं. तिच्या हाताखाली मुलं आहेत. ती म्हणते, आई, मी त्यांना यंत्राला हात लावायच्या आधी कागद मागते, आणि ती चिडतात. मी म्हटलं, चिडू दे.

गेल्या वर्षी सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती. तेवढे दिवस मुलं कागद वाचायची, सर डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून माझ्या शेजारी ओट्यावर बसायचे आणि नुसतं ऐकून चूक कुठे ते सांगायचे. विचारायचं काम माझ्याकडेच होतं. एकदा एक मुलगी अडखळली तेव्हा आमच्या दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, कोनं शे? ती बिचारी घाबरून घराचं नाव तीनदा म्हणाली.

सर, मोठ्या लोकांनी या ग्रंथात तुम्हाला मोठमोठी विशेषणं दिली असतील. तुम्ही ती चष्मा लावून तपासाल आणि कुठे काय चुकलं ते दाखवाल, मला माहीत आहे. माझं मागणं थोडं आहे. डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. चहा गरम प्या. खूप वर्षं जगा, आणि धडधाकट जगा, कारण आमच्यातल्या कुणाला कधी गरज पडेल ते आज सांगता येत नाही. रोज हाक मारणार नाही आम्ही. पण मारू त्या दिवशी तुम्ही असायला पाहिजे. चपला कोणत्याही घालून या.